सातवं काडतूस

मी एक जुनी बंदूक आहे, मित्रांनो. माझ्याजवळ यायला निघाला असाल तर आहात तिथंच थांबा, माझा आवाज तिथवर येतो. तुमच्यातलं कोणीतरी विचारेल, "ही रिकामी आहे ना?" आणि कोणीतरी मोठं माणूस हसून म्हणेल, "रिकामीच आहे." माझ्या आयुष्यात माझी नळी कोणावर तरी रोखून हे वाक्य दोनदा बोललं गेलं. पहिल्या वेळी काय झालं ते आमच्या घरात कोणी सांगत नसे. दुसऱ्या वेळी काय होणार होतं, ते चाळीस दिवस फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

पण सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म दूर अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, दोन हात लांब नळी आणि तेलानं चमकणारं पोलाद. माझ्या आधीच्या बंदुका तोंडाकडून भरत. शिपायाला उभं राहून गजानं दारू ठासावी लागे. तेवढ्या वेळात समोरच्याला पळून जाता येई, निदान देवाचं नाव घेता येई. मला मागून भरतात. अंगठ्यानं घोडा ओढायचा, नळीच्या मागचं जाड झाकण मागे लोटायचं, काडतूस सरकवायचं आणि झाकण लावायचं. एक श्वास घ्यावा इतक्यात मी तयार. ज्यांनी मला घडवलं त्यांना याचा फार अभिमान होता. एकदा झाकण लागलं की भरलेली मी आणि रिकामी मी बाहेरून अगदी सारख्याच दिसतो. याचा विचार मात्र त्यांच्यापैकी कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, फौजेनं माझ्यासारख्या हजारो बंदुका विकत घेतल्या. माझ्या वाट्याला नाईलकाठचा एक शेतकरी शिपाई आला. त्यानं चाकूनं माझ्या दस्त्यावर एक अरबी आकडा कोरला. त्याच्या मुलीचं वय असेल, अशी माझी समजूत आहे, कारण पुढच्या वर्षी तो आकडा खोडून त्यानं शेजारी दुसरा कोरला. ती फौज इथिओपियाच्या डोंगरांवर चालून गेली आणि गुरा नावाच्या मैदानात तिची धूळधाण झाली. माझा शिपाई माझ्याच अंगावर पडला. त्याला बाजूला करून मला उचललं ते लास्ताच्या डोंगरातल्या अयालेवनं. अयालेवकडे तेव्हा एक भाला होता आणि पायात काही नव्हतं.

अशी मी त्या घराची झाले. गवतानं शाकारलेलं गोल घर, मधोमध एक जाड खांब, आणि त्या खांबाला मी. इटलीच्या फौजेशी अडवाला झालेल्या लढाईत अयालेवनं माझ्या जिवावर दोन माणसं पाडली. पुढे इटलीची फौज पुन्हा आली तेव्हा त्याच्या मुलानं, दामतेवनं, घाटाच्या वळणावर एक पाडला. तीन झाले. लग्नात, सणात, मयतीत गवई आपलं एकतारी वाद्य छातीशी धरून ती तीन माणसं गात असे आणि लोक मान डोलावत. मला लोणी चोळत, लाल कातड्यानं मढवत. घरात पाहुणा आला की आधी मला बघे, मग घरच्यांना.

तीन माणसं मारली असं गवई गातो, मित्रांनो. ती तीन नाहीत, चार आहेत.

दामतेव नऊ वर्षांचा असताना अयालेव मला पुसून दारात ठेवून मेंढ्यांकडे गेला. दामतेवनं मला उचललं. मी त्याच्याहून उंच होते. त्याची सहा वर्षांची बहीण जेंबेरे अंगणात जवस पाखडण्याचा खेळ खेळत होती. ती म्हणाली, "मला घाबरव बघू." तो म्हणाला, "घाबरू नकोस गं, रिकामी आहे." त्यानं हे वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं, सकाळीच.

यापुढचं मी सांगणार नाही.

त्या दिवसानंतर दामतेवनं एक सवय लावून घेतली आणि ती साठ वर्षं सोडली नाही. मला हातात घेतलं की पहिल्यांदा झाकण उघडायचं आणि करंगळी नळीत घालून बघायचं. खांबाला टांगण्यापूर्वी पुन्हा तेच. कोणी नुसतं बघायला मागितलं तरी तेच. लोक हसत. "दामतेव, काल घातलं होतंस ना बोट? रात्रीतून अंडं घालते का ती?" तो पुन्हा बोट घालून बघे. हळूहळू लोकांचं हसणं थांबलं आणि त्याचा विश्वास झाला. पंचक्रोशीत सगळे सांगत, दामतेवच्या खांबाला टांगलेली बंदूक रिकामीच असते.

त्या विश्वासाचीच मला पुढे भीती वाटू लागली.

येशारेग या घरात सून म्हणून आली तेव्हा दामतेव म्हातारा झाला होता आणि त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. येशारेग तीन डोंगर पलीकडच्या गावची. तिला सगळीकडे एकाच वेळी बघायची सवय होती. चुलीवर बुन्ना, म्हणजे कॉफी, उकळत असला तरी तिची नजर दारात, झऱ्याच्या वाटेवर, पोरीच्या हातात. तिची मुलगी एनानू रांगायला लागली तशी तिनं चुलीभोवती दगडांचं कुंपण घातलं, विळा छपरात खोचला. मग एक दिवस ती खांबासमोर उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

"काय बघतेस, सूनबाई?" दामतेवनं विचारलं.

"काही नाही, मामंजी. ही जरा वर टांगता येईल का?"

"रिकामी आहे ती," बाजूनं तिचा धाकटा दीर बेलेते म्हणाला; वडिलांना तो दादा म्हणे. "दादांनी टांगलेली आहे, वहिनी. तुमच्या मडक्याइतकी रिकामी."

म्हातारा उठला. त्यानं मला काढलं, झाकण उघडलं आणि सुनेसमोर धरलं. तिकडे सुना सासऱ्याच्या बंदुकीला हात लावत नाहीत. ती मागे सरली.

"घाल बोट," तो म्हणाला.

"मी?"

"हा म्हणाला रिकामी आहे. मीही म्हणेन रिकामी आहे. माझ्या शब्दावरसुद्धा जाऊ नकोस, पोरी. आत बोट घालून बघ."

तिनं करंगळी घातली. तिचं बोट थंड होतं. मग त्यानं मला एक हात वर टांगलं, आणि त्या विषयावर तो पुन्हा कधी बोलला नाही.

माझी काडतुसं त्या काळात मिळेनाशी झाली होती. दामतेवकडे सात होती, जुनीच पितळी नळकांडी लोहारानं पुन्हा पुन्हा दारू भरून दिलेली. कातडी पट्ट्यात सात घरं, सात काडतुसं. एनानू पाच वर्षांची झाली तशी ती आजोबांच्या मांडीवर बसून त्या पट्ट्यावर आकडे शिकली. दामतेव काडतुसं आधी काढून आपल्याजवळ ठेवी आणि एकेक परत घरात खोचत तिला मोजायला लावी. सातच्या पुढे तिला येत नसे. आठव्या मेंढीला ती "अजून एक" म्हणे.

तिचा बाप तादेले दक्षिणेकडे रस्त्याच्या कामावर गेला होता. त्या वर्षी बार्लीचं पीक कापणीला आलं आणि दामतेवला ताप भरला.

दुपारची वेळ होती. येशारेग झऱ्यावर गेली होती, बेलेते खालच्या शेतात. म्हातारा अंथरुणावर होता. बाहेर आरडाओरडा ऐकू आला. वानरांचा कळप बार्लीत शिरला होता. एरवी दामतेव मला नुसता खांद्यावर घेऊन बांधावर उभा राही, वानरं तेवढ्यानं पळत. त्या दिवशी तापात त्याला काय वाटलं कोण जाणे. तो धडपडत उठला, पट्ट्यातून एक काडतूस काढलं आणि माझ्यात सरकवलं. झाकण लावलं. दाराच्या चौकटीला टेकून त्यानं नेम धरला. घोडा चढलेला होता.

माझ्या नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या दाण्यासमोर वानर नव्हतं. एनानू होती. हातात गोफण घेऊन वानरांमागे धावत होती, तिची पाठ आमच्याकडे होती आणि ती हसत होती.

म्हाताऱ्यानं चापावरचं बोट काढलं. अंगठ्यानं घोडा धरून हळूहळू खाली उतरवला. मला त्याचा घाम जाणवत होता. आता झाकण उघडणार, आता काडतूस काढणार. त्याचा हात झाकणावर आलाही. मग त्याच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला आणि तो मला धरूनच चौकटीवरून खाली घसरला.

बेलेते धावत आला. त्यानं आधी बापाच्या हातातून मला सोडवलं, उचललं आणि खांबाला टांगलं. घरातली मोलाची वस्तू पायात येऊ नये म्हणून. मग बापाला उचललं. झाकण त्यानं उघडलं नाही. का उघडावं? ती दादांच्या हातातली बंदूक होती.

दामतेव दोन दिवस जगला. वाचा गेली होती. तो माझ्याकडे बघे आणि हात उचलायचा प्रयत्न करी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला करंगळी तेवढी उचलता आली. ती त्यानं माझ्याकडे रोखली.

"मला देतायत," बेलेते म्हणाला आणि रडायला लागला. "दादा बंदूक मला देतायत."

जमलेल्या सगळ्यांनी मान हलवली. येशारेग त्याच्या पायाशी बसली होती. ती त्या करंगळीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पहाटे तो गेला.

प्रेताबरोबर मला तोंड खाली करून नेलं. इतरांनी आपापल्या बंदुका उडवल्या. मला उडवायचं नाही असं ठरलं होतं, आणि माझ्यात गोळी नाहीच असं सगळे धरून चालले होते. तिसऱ्या दिवशी अब्बा वोल्दे आले. ते गावचे पुरोहित, दामतेवच्याच वयाचे. त्यांनी मला दामतेवच्या पांढऱ्या शालीत गुंडाळलं, दामतेवच्या गळ्यातल्या निळ्या दोऱ्यानं गाठ मारली आणि सांगितलं, ही गाठ आता चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला सुटेल. तोवर कोणी हात लावायचा नाही, मृताच्या वाटेत आडवं येऊ नये.

चाळिसाव्याला काय होणार ते मला माहीत होतं. वारस मेलेल्याची बंदूक हातात घेतो आणि मांडवात नाचून त्याचा पराक्रम गातो. काडतुसं महाग, म्हणून गोळी उडवत नाहीत. जितकी माणसं मारली तितक्या वेळा घोडा चढवतो, कोणावर तरी नेम धरतो आणि चाप ओढतो. खट्. लोक हसतात, बायका जिभेनं आनंदाचा आवाज काढतात. तीन माणसं, तीन वेळा.

मी शालीच्या आत लटकत होते. माझ्या पोटात ते काडतूस होतं. खाली एनानू खेळत होती.

विसाव्या की एकविसाव्या दिवशी एनानू खुंटीवरचा पट्टा काढून दारात बसली आणि मोजायला लागली. पट्टा हिच्या हाताला लागला कसा, म्हणून येशारेग धावत आली, तोवर पोरीचं मोजून झालं होतं.

"सहा," ती म्हणाली. "आई, आजोबांनी एक नेलं."

"नीट मोज."

"मोजलं. हे घर रिकामं आहे." तिनं सातव्या घरात बोट घालून दाखवलं.

येशारेगनं पट्टा घेतला, स्वतः मोजला आणि उंच ठेवून दिला. बेलेते आल्यावर तिनं विचारलं.

"मयतीत उडवलं असेल," तो म्हणाला.

"मामंजींची बंदूक उडवली नाही, भावोजी. मी तिथंच होते."

"मग उंदरानं नेलं असेल. त्याचीही शिकारीला जायची वेळ झाली असेल." तो बार्लीचे भाजलेले दाणे तोंडात टाकत हसला. मग तिचा चेहरा बघून थोडा नरमला. "वहिनी, दादा लोहाराला द्यायचे अधूनमधून, भरायला. त्याच्याकडे असेल."

"विचारलं. नाही म्हणतो."

"तुम्ही लोहाराकडे गेला होतात?" त्याचं हसू गेलं. "दादांचा चाळिसावा झाला नाही आणि घरची सून काडतुसं शोधत गावभर हिंडते. लोक म्हणतील वाटणीवरून भांडतायत."

"एकदा उघडून बघा, एवढंच म्हणते मी."

"अब्बांनी बांधलेली गाठ मी सोडू? आणि कशासाठी? ती दादांनी ठेवलेली बंदूक आहे."

दादांनी ठेवली नव्हती. त्यानंच ठेवली होती. हे तो साफ विसरला होता, आणि येशारेग तेव्हा झऱ्यावर होती.

ती अब्बा वोल्देंकडेही गेली. ते उन्हात बसून जपमाळ ओढत होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, मी दामतेवला साठ वर्षं ओळखतो. एखाद्या दिवशी तो प्रार्थना विसरला असेल, पण बोट घालायला विसरला नाही. तुझा नवरा लांब आहे, घरात मरण झालंय, मन असं होतं. चाळिसावा होऊन जाऊ दे."

त्या दिवसापासून येशारेगनं एनानूचं अंथरूण खांबापासून दूर, मेंढ्यांच्या बाजूला टाकलं. एका दुपारी घरात कोणी नसताना ती तिवईवर चढली आणि शालीवरूनच मला चाचपू लागली. तिला घोडा लागला, खाली उतरलेला. आत काय आहे ते शालीतून कसं कळणार? तिची बोटं निळ्या दोऱ्याच्या गाठीवर आली आणि तिथं थांबली. सोड, मी म्हणत होते. सोड ती गाठ.

"काय हो वहिनी, पळवायचा बेत आहे का?" दारात बेलेते उभा होता. आवाजात थट्टा होती, पण सगळी थट्टा नव्हती. ती खाली उतरली.

चाळिसाव्या दिवशी अंगणात निलगिरीच्या फांद्यांचा मांडव घातला. जमिनीवर हिरवं गवत पसरलं. येशारेग तीन दिवस इंजेराच्या भाकऱ्या भाजत होती, तिचे डोळे धुरानं लाल झाले होते. पाहुणे जेवले, तल्ला नावाची बार्लीची घरगुती दारू प्याले. मांडवाच्या मधोमध दामतेवची तिवई मोकळी ठेवली होती आणि तिच्यावर त्याचा काडतुसांचा पट्टा. आजोबांची लाडकी म्हणून एनानूला बायकांनी तिवईशेजारी बसवलं. येशारेगनं दोनदा तिला आत नेलं. दोनदा कोणीतरी कौतुकानं पुन्हा आणून बसवलं.

अब्बा वोल्देंनी प्रार्थना म्हणून निळी गाठ सोडली. मी बेलेतेच्या हातात आले. त्याचे हात गरम होते. गवयानं तार छेडली.

बेलेते चांगला नाचतो. तो मांडवभर उड्या मारत फिरला. "अयालेवचा नातू मी, दामतेवचा लेक मी, डोंगराला विचारा, घाटाला विचारा," तो गात होता. मग गवयानं पहिल्या माणसाचं कडवं घेतलं. बेलेतेनं गुडघा टेकला, अंगठ्यानं घोडा चढवला आणि शेजारच्या केबेदेवर नेम धरला. केबेदे गावातला सगळ्यात जाड माणूस.

"मला नको रे, मी अजून जेवतोय," केबेदे म्हणाला.

"रिकामी आहे, काका. पोट आत घेऊ नका."

त्यानं चाप ओढला.

खट्.

घोडा काडतुसाच्या बुडावर पडला होता. मला तो आतून लागला. लोहारानं भरलेली दारू, दमट मसाला. ते पेटलं नाही. एवढंच. दुसऱ्या फटक्याला अशी काडतुसं पुष्कळदा पेटतात, हे मला फार वर्षांपासून माहीत आहे.

मांडव हसत होता. केबेदे छाती धरून आडवा पडला आणि एका हातानं ताटातला मांसाचा तुकडा उचलून घेतला, त्यामुळे लोक आणखी हसले. येशारेग तल्ल्याचं मडकं घेऊन दारात उभी होती. तिचे डोळे मिटले होते. तिनं ते उघडले आणि तिचे खांदे सैल पडले. रिकामी होती तर. वीस दिवस जीव टांगणीला लागला आणि रिकामीच होती. मला तिचा चेहरा दिसत होता, मित्रांनो. लोखंडाला जर कधी ओरडता आलं असतं तर ते त्या क्षणी.

गवयानं दुसरं कडवं घेतलं. बेलेते आता बापाच्या तिवईकडे वळला, मानवंदना द्यायला. त्यानं गुडघा टेकला. घोडा चढवला. मोकळ्या तिवईवर एनानू चढून बसली होती. माझ्या टोकावरच्या दाण्यासमोर तिचा फ्रॉक होता. काका आपल्यावर नेम धरतोय याचा तिला आनंद झाला होता, पण तिच्या मांडीत पट्टा होता आणि ती अर्धवट मोजत होती.

"चार, पाच, सहा," ती म्हणाली. मग सवयीनं मान वर करून आईकडे बघितलं. पुढचं कुठे आहे?

येशारेगनं मडकं खाली ठेवलं. ती धावली नाही. भरभर चालत आली आणि दोन्ही हातांनी माझी नळी धरून वर उचलली. वाद्य थांबलं. सासऱ्याच्या बंदुकीला सुनेनं भर मांडवात हात लावला होता.

"बोट काढा चापावरचं, भावोजी."

"वहिनी, हे काय?"

"आधी बोट काढा."

त्यानं काढलं. "आत्ताच वाजली ना ती? सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांसमोर माझी शोभा करताय."

"ऐकलं मी. वाजली म्हणजे रिकामी, हे मीही धरून चालले होते." तिनं नळी सोडली नाही. "मामंजींनी मला सांगितलं होतं, माझ्या शब्दावरसुद्धा जाऊ नकोस."

तिनं अंगठा माझ्या झाकणावर ठेवला, म्हातारा ठेवी तसा, आणि मागे लोटला. काडतूस किंचित बाहेर सरकलं. तिनं करंगळी पुढे केली. तिच्या नखाला पितळ लागलं.

तिनं माझं तोंड आभाळाकडे केलं. काडतूस गवतावर पडलं आणि घरंगळत तिवईच्या पायाशी गेलं. एनानू खाली उतरली, तिनं ते उचललं.

"सात," ती म्हणाली.

अब्बा वोल्देंनी तिच्या हातातून ते घेतलं आणि उलटं करून बघितलं. बुडाच्या मधोमध एक ताजा खोल ठसा होता. त्यांनी तो केबेदेला दाखवला. मग बेलेतेला. बेलेतेनं त्या ठशाकडे बघितलं, मग तिवईकडे, आणि तो गवतावर बसला. केबेदेनं हातातला मांसाचा तुकडा ताटात परत ठेवला. येशारेगनं मला खाली टाकलं. आयुष्यात मला इतक्या तिरस्कारानं कोणी टाकलं नव्हतं. तिनं पोरीला उचललं आणि डोक्यापासून पायापर्यंत तिला चाचपत राहिली, गोळी लागलेल्या माणसाला चाचपतात तशी.

"मीच टांगली होती," बेलेते म्हणाला. "त्या दिवशी. दादांनी नाही, मी." मग तो स्वतःच्या करंगळीकडे बघत राहिला. बाप काय देत होता ते त्याला आता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो मला लोहाराकडे घेऊन गेला. माझं झाकण आणि घोडा काढून घेतला आणि त्याची कुदळ करून आणली. आता माझ्या नळीतून आरपार उजेड दिसतो. एनानू मोठी झाली, शाळेत शिकवते. मी तिच्या वर्गात भिंतीवर असते. मुलांनी माझ्याबद्दल विचारलं तर ती "रिकामी आहे" असं म्हणत नाही. ती मला खाली काढते, नळी खिडकीकडे धरते आणि त्यांना बघायला लावते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, पुसा, तेल लावा. मी उलटं मागते. मला तेल लावू नका, गंजू द्या. पण माझ्याबरोबर त्या कारखान्यातून निघालेल्या हजारो बहिणी अजून कुठल्या कुठल्या घरांत टांगलेल्या आहेत, आणि त्यांची झाकणं बंद आहेत. अशी एखादी तुमच्या नजरेला पडली तर तिला हात लावू नका. कोणी कितीही प्रेमाचं माणूस रिकामी आहे म्हणालं तरी तिच्यासमोर उभे राहू नका. बाहेर जा आणि अशा माणसाला सांगा जे उघडून बघेल. ते हसतील. हसू द्या.

गवई अजून तीन माणसं गातो. चौथं नाव मी तुम्हाला सांगितलंय, ते लक्षात ठेवा. जेंबेरे. तिच्यानंतरची जागा रिकामी आहे.